दुधनीकर मास्तरांची बाजू

दुधनीकर मास्तर नक्की कुणाच्या बाजूचे होते, असं कुणी मला विचारलं तर मी आजही त्याच्या तोंडाकडे बघत राहीन. त्यांच्या हाताखाली मी सोलापुरात कित्येक वर्षं काढली, रोज त्यांच्याशी भांडले, रोज त्यांच्या खिशातले फुटाणे खाल्ले, आणि एवढं करून माणूस काही माझ्या हाती लागला नाही. माझा स्वभाव सरळसोट. हो तर हो, नाही तर नाही. मधलं काही मला चालत नाही. आणि नशिबानं गाठ घालून दिली ती नेमकी या माणसाशी!

आमची शाळा विणकरांच्या पेठेत. म्हणायला म्युन्सिपालिटीची मराठी शाळा, बघायला एका व्यापाऱ्याचं भाड्यानं घेतलेलं जुनं गोदाम. पुण्यात ट्रेनिंग करून मी इथं आले ती पेठेतल्या मुली शाळेत आणायच्या कामावर. पहिल्या दिवशी आत पाऊल टाकलं तर अंधार, सरकीचा वास, आणि छताचा एक वासा असा वाकलेला की त्याच्याखाली कुणीच बसत नव्हतं. नेमके त्याच जागी हेडमास्तर उभे होते. ठेंगणे, काळेसावळे, कपाळाला विभूती, अंगात गळाबंद कोट. "या बाई," म्हणाले, "लई वाट बघितली तुमची." मी विचारलं, "मुली कुठं आहेत?"

"हायत की."

"मला तर एकही दिसत नाही."

"घरात हायत."

"मग मी इथं बसून काय करू?"

"हे बी खरं हाय," असं अगदी मनापासून म्हणाले आणि चालते झाले. मी आपली खुळ्यासारखी उभी. दुपारी गिरणीचा भोंगा झाला तेव्हा परत आले आणि मधे काही वेळच गेला नव्हता अशा थाटात म्हणाले, "पण घरंबी हितंच हायत की, बाई. चला."

ही त्यांची खोडच होती. वाक्याचा अर्धा भाग सकाळी बोलायचे आणि उरलेला दुपारी. कधी कधी दुसऱ्या दिवशी. सुरुवातीला मी त्या अर्ध्यावरच भांडण उकरून काढायची, रात्रभर धुमसायची, आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं अर्धं ऐकलं की माझ्या रागाला बसायला जागाच उरायची नाही. पुढे पुढे मी शहाणी झाले. मास्तर काही बोलले की विचारायची, "झालं का एवढंच, की अजून यायचंय?"

गाव दुधनी, म्हणून दुधनीकर. घरात कानडी, शाळेत मराठी आणि पेठेत तेलुगू. विणकरांची माणसं त्यांना 'पंतुलू' म्हणायची, म्हणजे आपल्याकडचं मास्तरच. पेठेच्या बोळातून जाताना ते कधी कडेनं चालले नाहीत. दोन्हीकडच्या ओट्यांवरून हाका यायच्या, आणि ज्याला उत्तर मिळालं नाही तो रुसायचा, म्हणून मधोमध चालायचे आणि मान इकडून तिकडे हलवत राहायचे. कोटाच्या खिशात फुटाणे. ज्या पोरानं पाढा बरोबर म्हटला त्याला मूठभर आणि ज्याचा चुकला त्यालाही मूठभर. मी म्हटलं, "मास्तर, मग शिकायचं कशाला पोरांनी? चुकलं तरी फुटाणे आहेतच!" तर म्हणाले, "चुकला म्हणून भूक लागत न्हाय व्हय, बाई?" मी आपले फुटाणे घेतले.

भांडण सोडवण्याची त्यांची रीत तर जगावेगळी. मल्लय्या म्हणून पेठेतला वजनदार विणकर होता. मोठा आवाज, मोठ्या मिशा, आणि पंचायतीत त्याच्या शब्दाला मान. त्यानं एकदा पोराला शाळेतून काढलं. त्याचंही बरोबर होतं, मागावर बसलेल्या माणसाला सुताच्या कांड्या भरून द्यायला घरातली पोरंच लागतात. कांडी संपली की आडवं सूत नेणारा धोटा थांबतो, धोटा थांबला की लुगडं थांबतं, आणि लुगडं थांबलं की चूल. बायको मात्र हट्टाला पेटली, की पोरगं शिकलंच पाहिजे. दोघं भांडत शाळेच्या दारात आली. मास्तरांनी मल्लय्याचं ऐकून घेतलं, म्हणाले, "खरं हाय." मग त्याच्या बायकोचं ऐकलं. म्हणाले, "हे बी खरं हाय." मल्लय्या भडकला. "पंतुलू, दोन्ही खरं कसं असंल?" मास्तर विचारात पडले आणि घरी गेले. झालं! आता उद्यापर्यंत थांबा, असं मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बघते तर मल्लय्याचं पोरगं रहाट घेऊनच वर्गात हजर. एका हातानं रहाट फिरवतंय, कांडी भरतंय आणि तोंडानं पावकीचा पाढा म्हणतंय. त्याच्या शेजारी मास्तर दुसरी कांडी भरत बसलेले. मी कपाळाला हात लावला. ट्रेनिंगमध्ये वर्ग कसा चालवावा याची कितीतरी तत्त्वं आम्हाला घोकायला लावली होती. त्यात रहाट कुठेच नव्हता. पण आठवड्याभरात अर्धा वर्ग रहाट घेऊन यायला लागला, आणि जी पोरं महिनोन्महिने फिरकत नव्हती ती रोज दिसायला लागली. आता हे चांगलं म्हणायचं की वाईट? शाळा वाढली, हे तर दिसतच होतं. पण शाळेचा कांडीखाना झाला, हेही दिसत होतं. मला खरंच काही सुधरेना.

मग तो वासा मोडला. सुदैवानं सुट्टीच्या दिवशी मोडला, खाली कुणी नव्हतं. गोदामाच्या मालकानं दुरुस्ती करायला साफ नकार दिला, आणि करायचीच तर भाडं वाढवा म्हणाला. आता शाळेचं काय करायचं, हे ठरवायला म्युन्सिपालिटीत बैठक भरली. पेठेतून शाळेची हकिगत सांगायला मास्तरांना बोलावलं होतं. घरोघर फिरून गोळा केलेल्या माझ्या मुलींची गोष्ट निघाली तर बोलता यावं म्हणून मलाही बरोबर नेलं.

मास्तर असं बोलले, असं बोलले, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पोरं धुळीत कशी बसतात, अंधारात पाटीवरचं अक्षर कसं दिसत नाही, वासा शाळेच्या दिवशी मोडला असता तर काय झालं असतं! मेंबर मंडळी गंभीर झाली. अध्यक्ष भले गृहस्थ होते. म्हणाले, "मास्तर, तुमचं म्हणणं पटलं. पेठेत नवी इमारत बांधू. पण पैसा आभाळातून पडत नाही. घरपट्टी वाढवावी लागेल."

मास्तर खाली बसायला वाकले होते, ते तसेच परत ताठ झाले. "तेवढं करू नका, साहेब."

"का बरं?"

आणि मग मास्तर पुन्हा बोलू लागले. मघाइतक्याच कळवळ्यानं! गिरणीचं कापड स्वस्त झालंय, हातमागाचं लुगडं पडून राहतंय, आहे ती पट्टी भरताना घरातली तांब्या-पितळेची भांडी जप्तीत जातायत, आणखी वाढवली तर पेठ उठून जाईल. माझे डोळे पुन्हा भरून आले. पण आता कशासाठी, तेच मला कळेना. एक वकील मेंबर होते, ते हसायलाच लागले. अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, एक काहीतरी धरा. तुम्ही शाळेसाठी भांडायला आलात, की पट्टीविरुद्ध?"

मास्तर म्हणाले, "साहेब, ज्याचं पोर शाळंत हाय, त्याचंच घर पट्टीत हाय की. मी दोन माणसांचं न्हाय बोलत. एकाच माणसाचं बोलतोय."

मग वकील मेंबर कंटाळून म्हणाले, "अहो, इमारत नको, पट्टी नको, तर मग शाळा काय हवेत भरवणार? नाही जमत तर पोरं तळ्यापलीकडच्या शाळेत जाऊ देत." तळ्यापलीकडं! पेठेतल्या मुलींना दोन बोळ ओलांडू द्यायला आया तयार नव्हत्या, आणि कांड्या भरणारी पोरं तेवढ्या लांबून वेळेवर परत येणार कशी? तळ्यापलीकडं म्हणजे शाळा संपलीच. मला रडूच फुटायचं राहिलं होतं. परतताना पेठेच्या तोंडाशी आल्यावर मास्तर थांबले. म्हणाले, "हवंत न्हाय, बाई. घरात."

अशी आमची शाळा घराघरांत गेली. ज्यांच्या घरात थोडी मोकळी जागा होती त्यांनी एकेक वर्ग घेतला. मल्लय्यानं थोरल्या पोरांचा घेतला. माझ्या मुलींचा वर्ग व्यंकम्माकडे आला. व्यंकम्मा विधवा. नवऱ्यामागं माग तीच चालवायची. बोलायची कमी, आणि जे बोलायची ते तेलुगूत. मराठी तिला कळायचं बेताचं. तिची एकुलती एक पोर, नरसू, माझ्या वर्गात होती, आणि वर्गातली सगळ्यात चलाख होती. व्यंकम्मानं मास्तरांना एकच अट घातली, की माग थांबणार नाही. मास्तर म्हणाले, नको थांबू दे. मी म्हटलं, "अहो मास्तर, त्या खटखटीत मी शिकवू कशी?" म्हणाले, "हे बी खरं हाय." उरलेलं अर्धं वाक्य यायची मी वाट बघितली. ते कधी आलंच नाही. मग मी तशीच शिकवायला लागले.

त्या खटखटीत एक भलतंच झालं. मुली मागाच्या ठेक्यावर पाढे म्हणायला लागल्या. धोटा इकडून तिकडे गेला की एक ओळ, तिकडून इकडे आला की दुसरी. पाठ व्हायचे पण कसे चटाचट! मी खूश. आणि एक दिवस आले शाळाखात्याचे दिपोटी साहेब, शाळा तपासायला. आले, बघितलं, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "हा आवाज आधी बंद करा." व्यंकम्मानं माग थांबवला. साहेबांनी नरसूला उभं केलं, सतराचा पाढा विचारला. नरसू "सतरा एके सतरा" म्हणाली आणि पुढं मूग गिळून गप्प. दुसरीला विचारलं, तीही गप्प. मास्तर दारात उभे होते. त्यांनी व्यंकम्माकडे बघून नुसती मान हलवली. तिनं माग सुरू केला मात्र, सगळ्या पोरी एका सुरात घडाघडा म्हणायला लागल्या! साहेब कधी मुलींकडे बघायचे, कधी मागाकडे. शेवटी वैतागून म्हणाले, "मास्तर, ही शाळा आहे की कारखाना?"

"दोन्ही हाय, साहेब," मास्तर म्हणाले. साहेबांनी डोकं हलवलं आणि शेरा मात्र चांगला दिला. का दिला, तेही मला कधी उमगलं नाही.

आता पुढची गोष्ट सांगते, ती नीट समजून घ्या, कारण तिथंच सगळं बिनसलं. घरपट्टी ठरते ती घर भाड्यानं दिलं तर किती भाडं येईल यावरून. म्हणून आकारणीचा कारकून यायचा असला की आमच्या पेठेत एक रिवाज होता. आदल्या दिवशी घरं गरीब करायची! सोप्यात शेळी बांधायची, दारावर फाटकं गोणपाट लटकवायचं, भिंतीला शेणमातीचे फराटे मारायचे. कारकून नाक दाबून आत डोकवायचा आणि कमी आकारून पळायचा. त्यालाही हे ठाऊक होतं आणि पेठेलाही. वर्षानुवर्षं असंच चाललेलं.

त्या वर्षी मात्र वकील मेंबर बोलता बोलता म्हणाले होते, "लोकांनी घरात वर्ग घेतले तर त्यांच्या पट्टीचं बघू काहीतरी." बघू! एवढंच. पण मास्तरांनी ते पेठेत सांगितलं आणि पेठेनं त्याचं केलं 'शाळेच्या घराला पट्टी माफ'. मग काय विचारता! ज्यांच्याकडे वर्ग होते त्यांनी घरं अशी सजवली की लग्न निघालंय. बायकांनी भिंतींना चुना दिला. शेळ्या परसात हाकलल्या. व्यंकम्मानं तर भिंत पांढरीशुभ्र केली, काजळी कालवून तिच्यावर फळा रंगवला, आणि फळ्याच्या वरच्या बाजूला नरसूनं वळणदार अक्षरात लिहिलं 'शाळा'. मी स्वतः कौतुकानं त्याच्याभोवती खडूची नक्षी काढली. कुणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही, की कारकून येणार तो बघणार काय.

तो आला. व्यंकम्माच्या दारात उभा राहिला, चारी भिंती बघितल्या, फळा बघितला. "घर छान ठेवलंय," म्हणाला, आणि पट्टी वाढवून गेला. मी त्याच्या मागं धावले. म्हटलं, "अहो, ही तर शाळा आहे!" त्यावर तो शांतपणे म्हणाला, "तेच की, बाई. म्युन्सिपालिटी शाळेच्या गोदामाला भाडं देत होती. म्हणजे शाळेच्या जागेला भाडं येतं, हे सिद्धच आहे. मग या घराची आकारणी त्या हिशेबानं नको करायला? माफीचा ठराव झाला की बघू." खोटं म्हणावं तर त्यात खोटं काहीच नव्हतं. त्याचं काम तो चोख करत होता. ज्या घरांनी वर्ग घेतले त्या सगळ्यांची पट्टी वाढली, आणि ज्यांनी शेळ्या बांधल्या त्यांची तेवढीच राहिली.

पेठ खवळली. मल्लय्या मास्तरांच्या घरासमोर उभा राहून ओरडला, "पंतुलू, तुमी आमची घरं पांढरी केली आणि आमची तोंडं काळी!" मास्तर ओट्यावर येऊन खाली मान घालून उभे राहिले. "खरं हाय," एवढंच म्हणाले. मल्लय्यानं त्याच दुपारी वर्ग बाहेर काढला. पाठोपाठ बाकीच्यांनी काढले. राहिली ती एकटी व्यंकम्मा. तिनं वर्ग काढला नाही, पण ती काही बोललीही नाही. तिला पट्टी झेपणार नाही, हे पेठेतलं शेंबडं पोरगंही सांगू शकलं असतं.

आता उरला होता फक्त अपिलाचा मार्ग. अर्ज केला की एक अधिकारी घर स्वतः येऊन बघायचे आणि निकाल द्यायचे. मल्लय्यानं मास्तरांना सांगितलं, त्या दिवशी व्यंकम्माच्या घरात शाळा दिसता कामा नये. भिंत सारवा, फळा पुसा, पोरींना परसात बसवा. शाळा नाही म्हटलं की पट्टी खाली येईल. मी ऐकलं आणि माझा पारा चढला. "मास्तर, हे तुम्ही करणार नाही! इथं शाळा नाही असं एकदा कागदावर चढलं, की म्युन्सिपालिटी म्हणेल पेठेत शाळाच राहिली नाही. मग तळ्यापलीकडं! मुली गेल्याच म्हणून समजा." मास्तर म्हणाले, "हे बी खरं हाय, बाई." आणि व्यंकम्माच्या नावानं अर्ज लिहून दिला; उरलेलं अर्धं मात्र त्यांनी तोंडानं सांगितलंच नाही. अपिलाच्या दिवशी सकाळी मी व्यंकम्माकडे पोचले तर हेडमास्तर धोतर खोचून, कोपरापर्यंत शेणमातीत हात बुडवून ती पांढरी भिंत सारवत होते. फळा अर्धा पुसला गेला होता. 'शाळा' मधला 'शा' गेला होता, 'ळा' उरला होता. मला इतका संताप आला की ते शेणमातीचं घमेलं लाथाडावंसं वाटलं. आणि त्यांच्याकडे बघून इतकं वाईट वाटलं की तो संतापही धड करता येईना.

पुढं मास्तरांची बदली झाली, आणि नोकरी संपल्यावर ते दुधनीला गेले ते तिथलेच झाले. बदलीपर्यंत ते मला रोज भेटलेही असतील. पण मला ते शेवटचे दिसतात ते त्या दिवशीच, व्यंकम्माच्या दारात.

अपिलाचे साहेब आले ते उन्हानं हैराण होऊन. बरोबर तो कारकून. व्यंकम्माला मराठी नीट येत नाही म्हणून दुभाष्याचं काम मास्तरांकडेच आलं. मुली आत परसाच्या दाराशी दाटीवाटीनं बसलेल्या. आवाज काढायचा नाही, असं मास्तरांनी त्यांना बजावलं होतं, आणि त्या खरोखरच श्वास रोखून बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ उभी होते. तिथून मला दार स्वच्छ दिसत होतं. मास्तरांच्या हातावरची शेणमाती अजून ओली होती, ते हात त्यांनी पाठीमागं धरले होते.

साहेबांनी आत डोकावून भिंत बघितली, आणि मास्तरांना विचारलं, "इथं शाळा भरते असं आकारणीत लिहिलंय. या घरच्या बाईंचा अर्ज म्हणतो की घर साधं राहतं आहे. तुम्ही हेडमास्तर. तुम्हीच सांगा. भरते की नाही?"

मास्तर म्हणाले, "साहेब, त्याचं असं हाय..."

"असं नको न् तसं नको. एक उत्तर द्या. शाळा आहे की नाही?"

मला वाटलं, आता हा माणूस पाठ फिरवून घरी जाणार आणि उत्तर द्यायला उद्या येणार. पण साहेब तिथंच उभे होते, आणि उद्या कुणी येणार नव्हतं. मास्तरांनी एकदा आत बघितलं. कुणाकडे बघितलं, माझ्याकडे की मुलींकडे, देव जाणे. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "न्हाय."

बाजूला नरसू बसली होती, तिनं माझं लुगडं घट्ट धरलं. कारकून लिहायला वाकला. आणि तेवढ्यात व्यंकम्मा मागावरून उठली. तिला मास्तरांचं बाकीचं बोलणं कळलं असेल नसेल, 'न्हाय' कळलं. ती दारात आली, साहेबांच्या समोर उभी राहिली आणि एवढ्या मोठ्यानं बोलली की बोळातली माणसं वळून बघायला लागली.

"बडी उंदी! इक्कडे उंदी!"

साहेब दचकले. "काय म्हणते ही?"

मास्तर व्यंकम्माकडेच बघत होते.

"अहो मास्तर, दुभाषे तुम्ही ना? काय म्हणते ती?"

"शाळा हाय म्हणत्यात," मास्तर म्हणाले. "हितंच हाय, म्हणत्यात."

"मग पट्टी कमी होणार नाही, हे त्यांना समजावून सांगा."

मास्तरांनी तेलुगूत तिला सांगितलं. मुलींमध्ये राहून तेवढं तेलुगू मला यायला लागलं होतं, म्हणून मला कळलं. ते नुसतं सांगत नव्हते, हात जोडून विनवत होते. म्हणत होते, आई, माग जाईल, भांडी जातील, मी तुझ्यासाठी नाही म्हणालोय, तू गप्प बस. व्यंकम्मानं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली, "माझ्यासाठी तुम्ही नाही म्हणालात, पंतुलू. मग माझ्या पोरीसाठी हो कुणी म्हणायचं?"

साहेबांनी निकाल दिला. आकारणी कायम, घरात शाळा आहे. दोन्ही एकाच वाक्यात. ते आणि कारकून बोळातून निघून गेले. व्यंकम्मा मागावर जाऊन बसली. मास्तर मात्र कितीतरी वेळ दारातच उभे होते. मी त्यांच्याकडे बघत होते, आणि मला समजेना की या माणसाचं आज सगळं बुडालं, की सगळं तरलं. मी त्यांना शिव्या द्याव्यात की पाया पडावं?

मग ते आत आले. सारवलेल्या ओल्या भिंतीजवळ थांबले. मुली अजून तशाच, आवाज न काढता, त्यांच्याकडे टकामका बघत होत्या.

"आता मोठ्यानं वाचा गं," मास्तर म्हणाले. आणि भिंतीकडे तोंड करून, पोरींच्या देखत, ते ओक्साबोक्शी रडायला लागले.